लोखंड उतरवा, माणसे बसवा

जुनी फोर बाय फोर गाडी दारात आली की पहिल्या महिन्याचा पैसा कुठे जातो ते बघण्यासारखे असते. पुढचा प्लास्टिकचा बंपर निघतो आणि जाड पत्र्याचा कोनदार बंपर बसतो. टपावर कॅरिअर येतो, कॅरिअरवर एलईडीची लांब पट्टी, मागच्या दाराला शिडी, बाजूला लाल कॅन. टायर दोन मापांनी मोठे होतात आणि ते बसावेत म्हणून गाडी दोन इंच उचलली जाते. एवढे झाल्यावर फोटो निघतो. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी मात्र होत्या तशाच राहतात. रेडिएटरचा होजपाइप पहिल्या मालकाच्या काळातला असतो, ब्रेक ऑइल कधी बदलले ते कुणाला ठाऊक नसते आणि मागच्या सीटच्या मधल्या पट्ट्याचे बक्कल गादीखाली कुठेतरी हरवलेले असते. याच गाडीत बायको, दोन मुले आणि सत्तरीची आई यांना बसवून लडाखला जायचा बेत असतो.

गाडीची तयारी आपण तिच्यावर काय काय बसवले यावरून मोजतो. माझ्या मते कुटुंबाच्या प्रवासापुरता हा हिशेब उलटा मांडायला हवा. जुन्या गाडीत भर घालण्याआधी तिच्यातून दोन गोष्टी काढायच्या असतात : वजन आणि शंका. वजन म्हणजे जे प्रवासात कामाला येणार नाही असे प्रत्येक किलो, आणि शंका म्हणजे ‘हे टिकेल ना?’ असे ज्याच्याबद्दल मनात येते तो प्रत्येक भाग. यांपैकी एक जरी गोष्ट जो बदल वाढवतो तो कितीही देखणा असला तरी कुटुंबाच्या विरोधात जातो.

हे जड सामान मुळात आले कुठून हे आधी पाहू. गाडीलाच घर करून महिनोन् महिने फिरण्याची आजची पद्धत मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका इथे घडली. पश्चिम ऑस्ट्रेलियातली कॅनिंग स्टॉक रूट ही वाळवंटी वाट सुमारे १,८५० किलोमीटरची आहे आणि तिच्यावर नावाला एखाददुसरी वस्ती लागते. तिथे पाणी, डिझेल, अन्न, सुटे भाग हे सारे आपलेच आपण न्यावे लागते, कारण वाटेत द्यायला कुणी नसते. तिथल्या पोलादी बंपरलाही कारण आहे. रात्री कांगारू आडवा आला आणि रेडिएटर फुटला तर शेकडो किलोमीटर मदत नाही, म्हणून रेडिएटरपुढे लोखंडी कठडा. टपावरचा तंबू, दोन बॅटऱ्या, चाळीस लिटर पाण्याची टाकी ही सगळी उत्तरे एका प्रश्नाची आहेत : माणूसच नसलेल्या मुलखात काय करायचे?

आपला प्रश्न तो नाही. पुण्याहून मनालीमार्गे लेहला जाताना एका बाजूचे साधारण अडीच हजार किलोमीटर होतात. त्यांपैकी बहुतेक अंतर चौपदरी, सहापदरी महामार्गाचे. प्रत्येक तालुक्याच्या गावी पंक्चरवाला, वेल्डिंगवाला आणि जीप-ट्रॅक्सवर हात बसलेला एखादा मिस्त्री भेटतोच. लाहौलमधल्या टांडीच्या पेट्रोलपंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. पण त्या मोठ्या पट्ट्यातही जिस्पा, सरचू, पांग इथे हंगामात राहुट्या पडतात, गरम राजमा-भात मिळतो आणि ट्रकवाला थांबून विचारतो. कांगारूही इथे नाहीत. आपल्या बंपरपुढे येतात ते दुचाकीवाले, पायी चालणारे, शाळेतून घरी निघालेली पोरे. त्या लोखंडी कठड्याने रेडिएटर वाचेल, पण माणसाचा पाय वाचणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरात अशा बुलबार आणि क्रॅशगार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवले, त्यामागे हीच काळजी होती. शिवाय गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा अशा हिशेबाने बनवलेला असतो आणि एअरबॅगा कधी उघडायच्या तेही त्या चेपण्यावरून ठरते. तिथे ताठ लोखंड आणून बसवले की हा सगळा हिशेब चुकतो.

म्हणजे ऑस्ट्रेलियन गाडीची नक्कल करताना आपण तिथला एकांतही विकत घेतो आणि तो एकांत नसलेल्या देशात टपावरून वाहत नेतो. स्पितीत घरगुती मुक्काम मिळतो, कोकणात न्याहारी-निवास मिळतो, राजस्थानात आडगावीही धर्मशाळा सापडते. टपावरचा तंबू लाखाच्या घरात जातो. तेवढ्या पैशांत चौघांच्या कुटुंबाला किती रात्री छप्पर, गादी आणि गरम जेवण मिळेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता वजन. हा मुद्दा आकड्यांतच नीट कळतो. २०२३ मध्ये आलेली मारुतीची जिम्नी आता जुन्या बाजारातही मिळते आणि अनेक तरुण कुटुंबे ती घेतात. रिकाम्या गाडीचे वजन प्रकारानुसार ११९५ ते १२१० किलो आणि भरल्या गाडीची कमाल मर्यादा १५४५ किलो. म्हणजे माणसे, सामान आणि नंतर बसवलेले सगळे लोखंड धरून या गाडीला साधारण ३४० किलो पेलतात. सत्तर किलोचा बाप, साठ किलोची आई, पन्नास किलोचा नववीतला मुलगा आणि तीस किलोची चौथीतली मुलगी यांचेच २१० झाले. उरले १३०. टपावरचा कॅरिअर पंचवीस-तीस किलोंचा, तंबू पन्नास-साठ किलोंचा. उरले जेमतेम पन्नास. त्यात चौघांचे कपडे, अंथरूण, शेगडी, भांडी, हत्यारे आणि वीस लिटर पाणी बसवायचे. पुढे पोलादी बंपर आणि विंच लावली की साठ-सत्तर किलो आणखी. म्हणजे सामान भरण्याआधीच गाडी मर्यादेपलीकडे गेली आणि हिशेब जुळवायला मुलीला घरी ठेवावे लागेल. कुटुंबासाठी म्हणून सुरू केलेल्या सजावटीने कुटुंबातल्याच एकाची जागा खाल्ली.

मोठ्या गाडीत हे गणित थोडे सैल होते, पण सुटत नाही. वाढलेले वजन टपावर असेल तर गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर झुकण्याची तिची प्रवृत्ती वाढते. मागच्या बंपरवर दुसरे चाक आणि कॅन टांगले तर मागचे पाटे किंवा स्प्रिंग बसतात, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटू लागते. ब्रेकांना तर प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो, कारण घाट उतरताना जेवढे वजन खाली येते त्याची उष्णता त्यांनाच पचवायची असते. महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. वडापच्या जिपांत माणसे कोंबून, टपावर पोती लादून घाट उतरताना काय होते ते सातारा-सांगलीकडच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. गंमत अशी, की वडापवाल्याला आपण बेजबाबदार म्हणतो आणि त्याच वजनाचे लोखंड आपल्या गाडीवर चढवून त्याला तयारी म्हणतो.

दुसरी गोष्ट शंका. जुन्या गाडीचा खरा खर्च इथेच व्हायला हवा. बाजारात आज मिळणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांची वये बघा. जिप्सीचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली. पहिल्या पिढीची डिझेल थार २०१० पासूनची. सफारी स्टॉर्म बंद झाली, फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केल्यावर एंडेव्हरच्या सुट्या भागांसाठी शोधाशोध आली. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी गदा आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत उतरल्या. त्या घेताना ना-हरकत दाखला, नवी नोंदणी, रस्ता कर आणि पंधरा वर्षांनंतरचे पासिंग हे सारे किमतीत धरावे लागते. स्वस्त गाडी स्वस्त पडतेच असे नाही.

घेताना बघायच्या गोष्टी रंगाच्या खाली असतात. किनाऱ्यावरून आलेली गाडी असेल तर चासी, बॉडीचे माउंट आणि ब्रेकच्या पाइपांचा गंज आधी बघावा. देशावरच्या गाडीत तो कमी सापडतो. फोर बाय फोरचा दांडा खरोखर पडतो का, फोर लो लागतो का, पुढची चाके ओढतात का, हे मोकळ्या मातीत तपासावे, कारण कित्येक गाड्यांत पहिल्या मालकाने तो दांडा कधी हलवलेलाच नसतो. उलटही घडलेले असते. अर्धवेळ फोर बाय फोर कोरड्या डांबरावर चालवल्याने पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक सामावायला जागा उरत नाही आणि ट्रान्सफर केसवर ताण पडतो. डिफच्या (डिफरन्शियलच्या) हाउसिंगचे ऑइल काढून बघावे. ते दुधी दिसले तर आत पाणी शिरले आहे आणि गाडी ओढ्या-नाल्यांत उतरलेली आहे.

मग बदलायची यादी. तिच्यात एकही गोष्ट फोटोत दिसणारी नाही. सगळी रबरे : होजपाइप, बेल्ट, बुश, ब्रेकचे लवचिक पाइप, सीव्ही जॉइंटची बुटे. सगळी ऑइले : इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफ. कूलंट, थर्मोस्टॅट, रेडिएटरची सफाई. व्हील बेअरिंग, जोड-क्रॉस, शॉकअब. ब्रेक ऑइलाचे कारण मुद्दाम सांगायला हवे. ते हवेतली आर्द्रता शोषते आणि वर्षानुवर्षे बदलले नाही तर त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब घाटात ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते. कुंझुम खिंडीवरून किंवा ताम्हिणी घाटातून उतरताना हे घडले तर पुढचा पोलादी बंपर काहीही वाचवत नाही. चारशे-पाचशे रुपयांचे ऑइल मात्र वाचवते.

वायरिंग हा जुन्या गाडीतला सर्वात दुर्लक्षित धोका. आधीच्या मालकाने हॉर्न, दिवे, म्युझिक यांसाठी मूळ तारा कापून टेप गुंडाळलेली असते. त्याच तारांवर आपण फ्रिज आणि आणखी चार दिवे चढवतो. रिले नसलेला दिवा आणि फ्यूज नसलेली तार म्हणजे आगीला आमंत्रण. आधी लावलेले जोड काढून मूळ हार्नेस पूर्ववत करणे हा मी सर्वात मोठा बदल मानतो, आणि तो भर घालून नाही, वजाबाकीने होतो.

या सगळ्यानंतर खरोखरच्या बदलांकडे यावे. त्यांत टायरला पहिला मान. पण मोठा टायर आणि चांगला टायर या वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला दिलेल्या मापाच्या आत राहून ऑल-टेरेन टायर घेतला तर तो मुरमाड रस्त्यावरही चालतो आणि महामार्गावरही धरतो. चिखलासाठी बनवलेला, मोठ्या खाचांचा टायर ओल्या डांबरावर उशिरा थांबतो, आणि आपले दोन हजार किलोमीटर तर डांबरावरच जाणार असतात. चाकाचा व्यास आठ टक्क्यांनी वाढला तर काटा ९२-९३ दाखवतो तेव्हा गाडी शंभराने धावत असते. गिअरिंग लांबते, क्लच तापतो, ब्रेकांना मोठे चाक थांबवावे लागते. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी हा आकडा वाचावा. भर उन्हाळ्यात समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर तासन् तास शंभराच्या वेगात, ओझे लादून, जुन्या टायरवर धावणारी गाडी हा चिखलापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. फोर बाय फोर गाडीला पुढे जायला मदत करते, थांबायला नाही. हे एक वाक्य प्रत्येक नव्या मालकाने लक्षात ठेवले तर अर्धे काम झाले.

बाकीची यादी छोटी आहे. हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि दाब मोजायचे साधन, म्हणजे वाळूत हवा कमी करता येते आणि परत भरता येते. वजनाला साजेसे शॉकअब आणि मागचे पाटे. चासीला पक्की बोल्टलेली टोचनची जागा, चांगला पट्टा, फावडे. टोचनचा पट्टा ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर कधी अडकवू नये. तो गोळा तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा उडतो आणि त्यात माणसे मेलेली आहेत. स्नॉर्कल धुळीसाठी ठीक. पण ती इंजिनाची हवा वर नेते एवढेच, दारातून येणारे पाणी आणि प्रवाहाचा जोर ती अडवत नाही. कुटुंब गाडीत असताना वाहत्या पाण्यात उतरायचेच नाही, असा नियम केला तर त्या खर्चाची गरजच उरत नाही.

गाडीत बसणाऱ्यांचा विचार या छंदात सर्वात शेवटी येतो, तो पहिला यायला हवा. पहिल्या पिढीच्या थारमध्ये मागे समोरासमोर बाकडी होती. गावात फिरायला ती ठीक, पण आडव्या बाकड्यावर मुलाला बसवून हजार किलोमीटर नेणे मला कोणत्याही युक्तिवादाने पटणार नाही. मुलांची गाडी म्हणजे पुढे तोंड केलेली सीट, तीन ठिकाणी बांधणारा पट्टा आणि लहान मुलासाठी योग्य आकाराचे बालआसन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर दंडाची तरतूद आहे. पण पट्टा लावायचा तो दंडासाठी नव्हे. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही. मागच्या सीटमागे सुटे ठेवलेले सामानही धडकेत पुढे येते. शेगडी, हत्यारांची पेटी, पाण्याचा कॅन मुलांच्या डोक्यामागे असतात. तिथे सामान अडवणारी मजबूत जाळी आणि चासीला धरणाऱ्या पट्ट्या लावणे हा कौटुंबिक गाडीतला सर्वात मोलाचा बदल आहे. सुट्या इंधनाचा कॅन तर माणसांसोबत आत कधीच नको.

काही गोष्टी गाडीत बसवताच येत नाहीत. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे आणि मनालीमार्गे जाताना त्याआधीच पाच हजारांवरची खिंड ओलांडावी लागते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात घटते, मग ती जिप्सी असो की जिम्नी, आणि आपण चढवलेले लोखंड तिथे दुप्पट जाणवते. माणसाचे शरीरही तसेच. आजीला, दहा वर्षांच्या मुलीला विरळ हवेशी जुळवून घ्यायला दोन दिवस लागणार असतील तर ते दोन दिवस कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणून मला वाटते, कुटुंबाच्या प्रवासात बदल करायचाच तर आधी वेळापत्रकात करावा : रात्रीचा प्रवास टाळणे, दिवसाला तीनशे किलोमीटरांवर न जाणे, दर दोन तासांनी थांबणे, आणि उंचीवर चढताना हळू चढणे. या बदलाचे वजन शून्य आहे.

कायद्याचे काय? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणी पुस्तकातला तपशील आणि मूळ उत्पादकाने दिलेली रचना यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच ठाम सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. अपघात झाल्यावर विमा कंपनीला न कळवलेला बदल आढळला तर दाव्यावर प्रश्न येतो. हौशी लोक यावर चिडतात. त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही.

कायदा बोथट आहे. जर्मनीत बदललेली गाडी तपासून घेऊन तो बदल कागदावर नोंदवता येतो. ऑस्ट्रेलियात अधिकृत अभियंत्याने तपासल्यावर गाडीची कमाल भारमर्यादाही वाढवून नोंदवता येते. आपल्याकडे वैयक्तिक मालकाला असा सरळ मार्ग नाही, म्हणून चांगल्या शॉकअबची जोडी आणि कर्णकर्कश हॉर्न हे दोन्ही एकाच संशयाच्या सुपात पडतात. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यात गाड्यांची चाचणी करते. तिच्यासारख्या संस्थांनी तपासलेल्या सुट्या बदलांची यादी करून, ते बसवणाऱ्या कार्यशाळांना परवाना देऊन, आरटीओत नोंद करण्याची सोय झाली तर कायदाही पाळला जाईल आणि गाड्याही सुरक्षित होतील. ही मागणी करायला हवी. पण ती करताना एक गोष्ट मान्य करावी लागेल : त्या तपासणीत पहिला प्रश्न वजनाचा असेल. जिम्नीवर टपाचा तंबू, पोलादी बंपर आणि विंच एकत्र चढवलेली गाडी चार माणसांसह कोणताही अभियंता पास करणार नाही. कायदा सुधारला तरी गणित तेच राहील.

याविरुद्ध दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला : सगळा भारत माणसांनी भरलेला नाही. चांगथांगमध्ये, हानलेच्या पलीकडे, कच्छच्या रणात, हिवाळी स्पितीत खरोखरच मदत लांब असते. बरोबर. तिथे जाणाऱ्याने जास्तीचे पाणी, इंधन, दुसरे चाक न्यावेच. पण अशा ठिकाणी एकट्या कुटुंबाने एकट्या गाडीत जाण्याऐवजी दोन गाड्यांनी जावे, ही तिथल्या लोकांची साधी रीत आहे. दुसरी गाडी म्हणजे विंच, टोचन, रुग्णवाहिका आणि सोबत, सगळे एकदम. हिवाळ्यातली स्पिती तर सहा वर्षांच्या मुलासाठी नाहीच, आणि ती नाही हे ठरवायला कोणतेही उपकरण लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे : गाडी सजवण्याचा आनंद. आठवड्याची सुटी गॅरेजमध्ये घालवणे, स्वतः पाना फिरवणे, बाप-लेकीने मिळून लाकडी कप्पे करणे यांत मजा आहे, आणि त्या मजेला कुणाच्या परवानगीची गरज नाही. माझा विरोध तिला नाही. विरोध आहे तो छंदाला सुरक्षेचे नाव देण्याला. एलईडीची पट्टी आवडते म्हणून घेतली असे म्हणणारा माणूस मला मान्य आहे. ‘घरच्यांच्या सुरक्षेसाठी’ असे म्हणून ती घेणारा आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपवणारा मान्य नाही. पाना फिरवायचाच तर तो ब्रेकच्या पाइपवर, बुशांवर फिरवावा. त्यातही तेवढाच आनंद असतो आणि लेकीला गाडी जास्त समजते.

ताकदवान गाडीची आणखी एक जबाबदारी आहे. चार चाकांना ताकद आहे म्हणून ती कुठेही न्यायची मुभा मिळत नाही. पँगाँगच्या पाण्यात गाड्या उतरवल्याच्या चित्रफिती, लाहौलमध्ये चंद्रा नदीतून नेलेली थार, अलिबाग-मुरुडकडच्या पुळणीत रुतलेल्या गाड्या, हे सगळे आपण बघितले आहे. पुळणीवर, सड्यावर, पठारावर चाक गेले की जे मोडते ते दुरुस्त करायला कुठलाच मिस्त्री नाही. मुलांना घेऊन फिरणाऱ्या माणसाने तर हे विशेष पाळावे, कारण मुले गाडीपेक्षा बापाचे वागणे जास्त शिकतात.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याला मी खर्चाचा क्रम असा सुचवेन. गाडीच्या किमतीखेरीज हातात जेवढा पैसा असेल त्याचा मोठा भाग सुस्थितीत आणण्यावर : ब्रेक, रबरे, ऑइले, बेअरिंग, वायरिंग. मग टायर. मग पट्टे, बालआसने आणि सामानाची जाळी. मग कॉम्प्रेसर, टोचनचा पट्टा, फावडे. इथे थांबावे आणि गाडी भरून, सगळी माणसे बसवून एकदा वजनकाट्यावर न्यावी. ऊस, कांदा, वाळू मोजणारा काटा कोणत्याही बाजारपेठेच्या गावी असतो. आलेला आकडा नोंदणी पुस्तकातल्या भरल्या वजनाशी ताडून पाहावा. वजनाला जागा उरली असेल तर उरलेल्या पैशातून आणखी काही बसवण्याचा विचार करावा. नसेल तर काहीतरी उतरवावे. आणि हातात उरलेली रक्कम दोन मुक्काम जास्त करायला वापरावी.

असे केलेली गाडी फोटोत उठून दिसणार नाही. कुणी तिला मॉडिफाइड म्हणणार नाही, आणि पोलिसही थांबवणार नाहीत. पण घाट उतरताना ब्रेक धरतील, मागच्या सीटवरचे सगळे पट्ट्यात असतील आणि सरचूच्या राहुटीवाल्याला दोन पैसे मिळतील. कुटुंबाच्या गाडीने यापेक्षा जास्त काही करायचे नसते. हे सगळे करायला लागणारी जिद्द मात्र बंपर बसवण्यापेक्षा मोठी आहे, कारण ती दिसत नाही आणि तिचे कौतुक कुणी करत नाही.